हातावरचा शिक्का

जिमच्या दारात घडीचं टेबल,
टेबलावर हिरवी पत्र्याची पेटी.
सव्वीस हिवाळे ही पेटी माझ्याकडे.
नवरा गेला त्या आठवड्यातही शुक्रवारी मॅच होती,
आले. सुटे पैसे कोण देणार होतं?

एरवीच्या मॅचचे पैसे शाळेचे,
बसचं डिझेल, पंचांची पाकिटं, फाटलेली जाळी.
पण फेब्रुवारीत डिस्ट्रिक्ट लागले
की पेटी आमची आणि पैसे राजधानीचे.

असोसिएशन म्हणजे, मी पाहिली तेवढी,
हायवेलगतची बैठी विटांची इमारत,
अकरा माणसं, एक कुरकुरणारं कॉपी मशीन
आणि वर आठ जणांचं बोर्ड, बहुतेक कुठले ना कुठले सुपरिंटेंडंट.
सरकारी नाही. खाजगी म्हटलं तर रागावतात.
शाळांनी स्वतःच वळलेलं दावं,
स्वतःच्याच गळ्यात.

वर्गणी शाळेमागे चाळीस डॉलर,
त्यात त्यांची कॉफीसुद्धा निघायची नाही.
बाकीचं इथून जातं, या पेटीतून.
कमावते दोघेच, बास्केटबॉल आणि फुटबॉल;
पंगतीला गोल्फ, टेनिस, कुस्ती,
आणि मक्याच्या कापल्या शेतांकडेने पळणाऱ्या मुली,
ज्यांना बघायला तिकीट काढून कुणी येत नाही.
माझी नोरीन त्यांतलीच.
तिच्या गळ्यातलं पदक परगावच्या कुणा बास्केटबॉलवेड्याने घेऊन दिलं,
हे मी विसरत नाही.
म्हणून तोंड आवरून बोलते.

ब्रेकन ओस्टडिक ऑक्टोबरात आला, मामाकडे राहायला.
आई लांबच्या दवाखान्यात. बापाचं नाव कुणी काढलं नाही.
नियम असा, की बदलीचा कागद मेच्या आत हवा,
नाहीतर नव्वद शाळेचे दिवस बाकावर.
आईने आजारी पडायला महिना चुकवला.

सुनावणीला मी गेले होते,
गाडीत मागे, सँडविचचा डबा मांडीवर.
अपिलाची फी मामाने दोन डुकरं विकून भरली.
अध्यक्ष वाईट माणूस नव्हता. चष्मा पुसत म्हणाला,
"बाळा, आज तुला सूट दिली
तर उद्या मोठ्या शाळा घरं भाड्याने घेऊन पोरं पळवतील."
खोटं नव्हतं. पळवलीत.
मग हात वर झाले. पाच विरुद्ध तीन.
परतताना सँडविच कुणी खाल्लं नाही.

डिस्ट्रिक्टच्या रात्री बर्फ,
रांग पार ट्रॅक्टरच्या दुकानापर्यंत.
टीम मागच्या दाराने आत, यादीत बारा नावं.
तेरावा रांगेत उभा, शाळेचंच जॅकेट घालून.
पुढ्यात आला, दहाची नोट धरली.
जा रे, म्हणता आलं असतं.
पण तिकिटांच्या रिळाला नंबर असतात,
आणि सव्वीस वर्षं माझा नंबर चुकला नव्हता.
घेतले. दोन परत दिले.
त्याच्या हातावर निळा शिक्का मारला, जरा जोरातच बसला.

"हे पैसे जातात कुणाला?"
"जास्त करून त्यांनाच."
हसला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा,
तेही असं, की मागच्यांनी वाकून पाहिलं.

दारात बसणाऱ्याला मॅच दिसत नाही, ऐकू येते.
शेवटी एकदम सगळी शांतता आली
तेव्हाच कळलं, आमचे हरले.

चारशे बारा तिकिटं, तीन हजार दोनशे शहाण्णव.
पंच वजा, वीज वजा, शाळेचा वाटा वजा.
फॉर्मच्या तळाशी चौकट असते, 'विशेष नोंद'.
मी कधी भरली नव्हती. त्या रात्री लिहिलं:
ब्रेकन ओस्टडिक, आठ डॉलर, रोख.

एप्रिलात पोचपावती आली.
"श्रीमती आर्लिस कुचेरा, हिशोब जुळला. आभारी आहोत.
पुढील वर्षापासून तिकिटे फक्त फोनवर."