पट्ट्याचा दोष नाही

पहाटे साडेचारला किल्ली फिरवली की
माझ्या सीटखाली कोणीतरी किंचाळायचं.
ओम्नीचं इंजिन तिथेच असतं, बुडाखाली,
त्यामुळे दुखणं आधी मांडीला कळतं, मग कानाला.

मागे इडलीच्या पिठाचे चौदा डबे,
किसननगरपासून वर्तकनगरपर्यंत सात दुकानं.
कोपऱ्यावरच्या गॅलरीतून एक म्हातारा रोज ओरडायचा,
अहो, तेल घाला तिला!
तेल पट्ट्याला घालत नाहीत, आजोबा.
पण चालत्या गाडीतून हे कुठे सांगत बसणार.

पंपावरच्या पोराने साबण चोळून दिला.
दोन दिवस शांतता.
तिसऱ्या दिवशी नितीन कंपनीच्या सिग्नलला
फेसासकट किंचाळली.
मग नवा पट्टा, तीनशे वीस रुपये.
नवा पट्टा, आवाज जुनाच.
भाऊ म्हणाला, ताण अजून. ताणला.
आवाज बारीक झाला, तारेसारखा,
दातांत शिरणारा.

वागळे इस्टेटला, बंद पडलेल्या रंगाच्या कारखान्याला लागून
पारकरांची टपरी.
त्यांना ऐकू कमी येतं हे मला तिथे गेल्यावर कळलं.
उजवा कान पॉवर प्रेसने नेला,
डावा अर्धा त्याच कंपनीत राहिला.
कंपनी गेली, हिशेब मिळाला,
कान नाही मिळाला.

परत फिरावं का, असं मनात आलं. खोटं कशाला बोलू.

तोवर त्यांनी सीट उचलली होती.
माझीच पाण्याची बाटली घेतली,
फिरत्या पट्ट्यावर घोटभर ओतली,
आणि माझ्या तोंडाकडे बघत विचारलं,
बदललं का काही?
नाही.
मग पट्ट्याचा दोष नाही, कुंदाताई.

हातभर लांब स्क्रूड्रायव्हर.
टोक पाण्याच्या पंपावर,
मूठ कानामागच्या हाडावर.
डोळे मिटले. मान हलली. हा बरा आहे.
मग टोक आल्टरनेटरवर,
आणि भातात खडा लागावा
तसा त्यांचा चेहरा.

इंजिन बंद. दोन बोल्ट सैल, पट्टा बाहेर.
हं, फिरवा आता, म्हणाले. पुली मी हाताने फिरवली.
बोटांत वाळू आली. बारीक, कोरडी,
गाडीच्या आत कुठेतरी
एक खाडीकिनाराच होता म्हणायचा.

खोलून काढलं तर बेअरिंगमधलं ग्रीस
जळलेल्या गुळासारखं.
पट्टा इतका कोणी ताणला?
मी.
मग अर्धं तुम्हीच मारलंत, म्हणाले,
रागाने नाही, नाडी बघून सांगावं तसं.

सहा दोन शून्य तीन. कड्यावर आकडा कोरलेला.
नवं बसवताना बाहेरच्या कड्यावरच ठोकलं,
गोल, थोडं थोडं, सगळीकडून.
आतल्या कड्यावर घाव बसला तर
नवं बेअरिंग जन्मतःच म्हातारं.
मग पट्टा. अंगठ्याने दाबून दाखवला,
अर्धं बोट खाली गेला पाहिजे.
सैल तर घसरतो, कडक तर शेजाऱ्याला मारतो.

गाडी चालू केली. मी ऐकत होते.
ते स्क्रूड्रायव्हर लावून बसले होते,
आणि आमच्या दोघांत
कोणाला जास्त ऐकू आलं, मला सांगता येणार नाही.
जाताना म्हणाले, तुम्ही पण लावून बघा.
लावला. आत काहीतरी सलग वाहत होतं,
गिरणीत पीठ पडतं तसं.

दुसऱ्या दिवशी साडेचार.
गाडी निघाली आणि गॅलरीतला म्हातारा
उठलाच नाही.
शास्त्रीनगरच्या दुकानाचं शटर खाली.
दहा मिनिटं थांबले. पीठ फुगायला लागलं.
शेवटी फोन केला, तर शिवरामन झोपेतच म्हणाला,
अहो, आज तुमचा आवाजच नाही आला.

म्हणून हॉर्न दाबला.
तो बसका निघाला.