पोच

गारगोटीची प्रांत कचेरी. पंखा बंद.
"पंच्याहत्तर वर्षांचा पुरावा?"
धाकुबाई झोरे उठल्या,
पाटगावच्या वरल्या धनगरवाड्यातून
रात्रीच उतरलेल्या.

नकाशात त्यांचा डोंगर म्हणजे
कक्ष एकशे बारा.

त्यांनी पदराची गाठ सोडली,
टेबलावर ठेवली फणसाची आठळी.
"आजेसासूनं लावल्याला. मी नांदाय आले
तवा फळत हुता.
तुमच्या नंबरापेक्षा थोरला हाय, सायेब.
बुडाशी तिलाच पुरलीया."

वकीलबाई कुजबुजल्या, कलम सांगा.
"त्ये तुम्ही सांगा. मी झरं सांगते."
आणि सांगत राहिल्या,
वाघजाईचा, आंधळा, बाळंतिणीचा...
कारकून लिहीत होता,
मग नुसताच ऐकत बसला.

पुढची तारीख पडली.
उठताना धाकुबाईंनी
आठळीची पोच मागितली.
शिक्क्यासकट.