मायसेल्फ मथुरा

शिवडीच्या पालिका शाळेत रात्री साडेआठला
चौथीच्या बाकांत गुडघे दुमडून बसतात
माझे विद्यार्थी: गोदीतला वॉचमन डिचोलकर,
पडदे शिवणारा इस्माईल,
आणि खिडकीशी मथुरा सोनकांबळे,
इस्पितळात आया, वय सत्तेचाळीस.

उभी राहते, पदर सारखा करते, म्हणते,
"मायसेल्फ मथुरा."

बसा. मायसेल्फ असं एकटं दारात येत नाही.
आधी 'आय' यावा लागतो, त्यानं काहीतरी करावं लागतं,
आणि केलेलं फिरून त्याच्याच अंगावर आलं
तरच मायसेल्फ.
"म्हंजे विळीवर बोट?"
हो. आय कट मायसेल्फ.
"आमच्यात कापून घेतलं म्हणतात.
घेतलं म्हटलं की कळतंच, कुणाचं बोट."

खरं आहे. आपला एक 'स्वतः' सगळ्यांना पुरतो,
घरातल्या एकुलत्या छत्रीसारखा.
इंग्रजीत ज्याची त्याची वेगळी,
वर खोड अशी, की मायसेल्फ चालतं,
हिजसेल्फ नाही, हिमसेल्फ.
का? डिचोलकर विचारतो.
मला ठाऊक नाही. दिवसा मी कोर्टात टायपिस्ट,
समोर येईल ते टाइप करतो.

गृहपाठाच्या वहीत मथुरानं लिहिलेलं:
माय हजबंड बीट मायसेल्फ.
पेनाचं टोपण काढून मी बराच वेळ बसलो.
मग मायसेल्फवर काट मारली, वर लिहिलं: मी.
इंग्रजीतला मी, ज्याला मार बसतो.
मराठीतला नव्हे.

"मारणारा दुसरा असेल तर सेल्फ लागत नाही,"
एवढंच म्हणालो, फळ्याकडे बघत,
नियम सांगावा तसं.
वही मिटता मिटता ती म्हणाली,
"तेच तर, सर.
सासरचे म्हणायचे, तूच ओढवून घेतलंस."

ओढवून. घेतलंस.
इस्माईलनं उगाच खडू उचलून दिला.
पुढचा अर्धा तास मी अनेकवचनं शिकवली.

शुक्रवारी तिची मुलाखत होती, परळच्या खाजगी इस्पितळात,
आयांवर देखरेख करायची जागा.
गुरुवारी पुन्हा पुन्हा घोकून घेतलं:
आय ॲम मथुरा. आय ॲम मथुरा.

सोमवारी पेढे.
काय म्हणालात मग?
"घाबरले. मायसेल्फ मथुराच म्हणाले.
मग साहेब उठले, म्हणाले,
मायसेल्फ डॉक्टर गांगुर्डे, बसा."

पेढा तोंडात होता.
दुरुस्ती राहून गेली.