दोनशे ठिपके

वॉर्डात मला धापेची सिस्टर म्हणतात.
रजिस्टरवरचं नाव सुलभा उईके,
ते फक्त पगाराच्या दिवशी कुणीतरी उच्चारतं.

आधी बघायचं, स्टेथोस्कोप नंतर.
फासळ्यांमधली कातडी आत जाते का,
गळ्याखालची खळगी प्रत्येक श्वासाला बुडते का.
घड्याळावर पूर्ण एक मिनिट.
अर्ध्याची दुप्पट करू नका गं, नव्या पोरींना सांगते,
उरलेल्या अर्ध्यात लेकरू कुठल्या कुठे जातं.

एप्रिलात टिमकीत गेले, दुपारी,
स्कूटीच्या सीटवर ओला दुपट्टा टाकून.
तेजल हेडाऊ, वय सात,
महिन्यात तीनदा भरती.
बाप कूलरच्या ताट्या भरतो.
अंगणात भुसा, दारात भुसा,
पोरीच्या वेणीत भुशाची एक कुरळी काडी.
खिळ्याला दोरीने टांगलेली पाण्याची बाटली,
बुडाला तापल्या तारेनं पाडलेलं भोक.
मीच शिकवलं होतं, फेब्रुवारीत:
भोकात पंप, बाटलीचं तोंड ओठांत, पाच श्वास, सावकाश.

"पंप रोज देता?"
"देतो जी."
"सकाळी दोन, संध्याकाळी दोन?"
माय पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली.
आणि माझा आवाज चढला. चढतो तो.
पंपाची सवय लागत नाही, म्हटलं,
लग्नात पंप आडवा येत नाही,
हे सगळं पाठ आहे मला, घरोघरी तेच म्हणते,
म्हणता म्हणता कागदावर लिहूनही टाकलं:
पालक निष्काळजी.

चुलीजवळून आजी म्हणाली,
"मोजते ना जी हे. दारामागं पाहा."

दारामागे चुन्याचे ठिपके.
बोटाच्या पेराएवढे, दहा-दहाच्या ओळी.
या स्वस्त पंपाला आकडा नसतो.
दोनशे दाबांनंतर फुस्स आवाज तसाच येतो
पण आत औषध उरत नाही,
हेही मीच सांगितलं होतं, आणि विसरले होते.
तिला अंक लिहिता येत नाहीत. चुना येतो.

वरच्या ओळी दाट. चार ठिपके, जरा जागा, पुन्हा चार.
मग दोन, जागा, दोन.
खाली खाली एकेकटे.
ताट्यांचे पैसे मे महिन्यात येतात
आणि दवाखान्याच्या खिडकीवर
तीन आठवडे तीच पाटी: साठा संपला.
मी दोनदा मोजले. एकशे त्र्याण्णव.
सात दाब, सात दिवस पुरवायचे होते तिला.

कागदावरचे ते दोन शब्द मी खोडले,
इतकं दाबून की खालच्या पानावरही वळ उमटला.

तेजलला मीटर दिला. फुंक.
लाल काटा नव्वदला अडकला.
पुन्हा. शंभर.
"हा काटा माहाच हाय का जी?"
तुझाच, म्हटलं.
तिनं हात पुसले फ्रॉकला
आणि तिसऱ्यांदा फुंकलं, डोळे मिटून. एकशे दहा.

उद्या खिडकीवर भांडायचं आहे.
ताट्यांचं काम गल्लीच्या टोकाला नेता येईल का,
बापाशी बोलायचं आहे, तो झोपला होता,
रात्रभर भुसा भरून झोपला होता, उठवला नाही.

बाटली खाली काढली. पूर्ण द्या, म्हटलं, आज दोन.
फुस्स. पाच श्वास. फुस्स. पाच श्वास.
खळगी अजून बुडत होती, पण कमी.

मायनं चुन्याच्या डबीत बोट घातलं,
माझ्याकडे एकदा पाहिलं
आणि दोन ठिपके दिले, जवळ जवळ.