बिस

सोलापूर बाजारात, बेकरीच्या वरच्या मजल्यावर
मादाम ओर्तांस राहायची.
वर्षातून दोनदा मी तिचा पियानो जुळवायला जायचो,
आणि दोन्ही वेळा ती मला लियाँ सांगायची:
कोरसमधली डावीकडून तिसरी,
मग मोलकरीण, हातात ट्रे, दोन ओळी गाणं,
मग अकरा रात्रींची राणी.
खरी राणी आजारी होती म्हणून.

पैसे मोजून द्यायची, चार आणे कमी.
काळी चौथी पट्टी पुन्हा उतरली, म्हणायची,
पुण्याची हवाच चोरटी.

एकदा तिला शनिवार पेठेत संगीत नाटकाला नेलं.
भाषा कळत नव्हती, तरी
तानेआधी नायिका श्वास कुठे चोरते
ते माझ्या मनगटावर बोट टेकून दाखवलं.
थिएटर ओरडलं, वन्स मोअर!
ती कुजबुजली, आमच्याकडे म्हणतात, बिस.
बीस? वीस वेळा?
इतकी हसली
की पुढच्या रांगेतल्या टोप्या मागे वळल्या.

टांग्यात बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, मला कुणी म्हटलं नाही.
अकरा रात्रींत एकदाही.

ती गेल्यावर पियानो विकला.
जिना अरुंद, म्हणून खिडकीतून दोराने उतरवताना
तो भिंतीला घासला
आणि आतून सगळे स्वर एकदम बोलले, बेसूर.
पाव घ्यायला आलेल्या पोराने वर पाहिलं.
मी रस्त्यात उभा, खिशात जुळवणीची चावी.
म्हणणार होतो.
पण हमाल ओरडत होते, हळू, हळू.