डोक्यावरची रेघ

मार्गशीर्षात नंदुरबारबाहेर पथाऱ्या लाल होतात.
नजर पोचेल तिथवर मिरची, वर ऊन,
आणि आमच्या घरात रेवतीचा खोकला सुरू होतो.
डॉक्टर म्हणाले, औषध देतो, पण जमलं तर हवा बदला.
हवा बदला.
जसं काही पडदा बदला, सिलिंडर बदला.

भूषण मिरचीच्याच पेढीवर हिशेब लिहितो.
(त्याचे शर्ट मी वेगळे धुते.)
त्यानं एका जुन्या वहीचं शेवटचं पान उलटं धरून
रकाने पाडले :
शाळा, पाणी, भाडं, दवाखाना, माझी नोकरी, तुझी नोकरी.
हवेचा रकाना विसरला.
तो मी नंतर कडेला लिहिला, उभा,
जागाच उरली नव्हती.

आधी सुरत. पहाटेची गाडी, उधन्याला उतरलो.
त्याच्या आतेभावाच्या गल्लीत निम्मी माणसं आपलीच,
लूमच्या खडखडाटावरून ओरडून बोलणारी.
"आठे काय कमी शे?" आतेभाऊ म्हणाला,
"मराठी शाळा बी शे."
रेवती मात्र दुकानांच्या पाट्या बघत उभी.
नुकतीच पट्टी धरून अक्षरांवर रेघ मारायला शिकलेली.
"आई, यांच्या अक्षरांना छप्परच नाही.
पाऊस आला तर?"
भूषणनं नोकरीच्या रकान्यात बरोबरची खूण केली
आणि शाळेच्या रकान्यापाशी
पेनचं टोपण चावत बसला.

मग नाशिक. तिसरा मजला, नव्या फरश्या,
बाल्कनीतून दुसऱ्याची बाल्कनी.
"मूळचे कुठले?"
"नंदुरबार."
"म्हणजे गुजरातकडचे?"
"नाही."
"मग आडनाव काय म्हणालात?"
अजून म्हणालोच नव्हतो.
मी डिपॉझिट विचारलं.
आकडा ऐकून रेवतीनं दोन्ही हातांची बोटं मोजली, संपली,
म्हणाली, "पायाची पण घेऊ?"
कडेवरच्या मल्हारनं पांढऱ्या भिंतीला हात पुसला.
आम्ही निघालो.

धुळं यादीत नव्हतंच.
वाटेत एसटीचं टायर गेलं, पुढची शेवटची गाडी चुकली,
म्हणून देवपुरात मावसनणंदेकडे मुक्काम.
अंगणात निळे ड्रम रांगेत, झाकणांवर विटा.
"पाणी कितव्या दिवशी येतं?"
"येतं तेव्हा येतं," ती म्हणाली
आणि बट्टीवर तूप ओतत राहिली,
पुरे म्हटलं तरी.

रात्री बारा वाजले. एक वाजला.
आम्हाला ती पाठ आहे :
आधी घशात किरकिर, मग उठून बसणं,
मग कोमट पाणी, मग माझ्या खांद्यावर घामेजलेलं डोकं.
काहीच नाही.
न आलेल्या खोकल्यानं आमची झोप मोडली.
मी तिच्या नाकाखाली बोट धरून पाहिलं.

भूषण अंधारात म्हणाला,
"इथं पगार कमी मिळेल."
"हो."
"आणि नळाचं असं."
"हो."
"तुला पतसंस्थेत कायम करणार होते."
"होते."
मग तो बराच वेळ पंख्याकडे बघत राहिला.
एका रात्रीनं काय ठरतं, असं म्हणायला हवं होतं,
दोघांपैकी कुणीतरी.

सकाळी वही उघडली तर रेवतीनं
आमच्या आधीच पानावर धुळे लिहिलेलं,
ळ उलटा,
आणि वरची रेघ ओढत ओढत
सगळ्या रकान्यांवरून पार कडेपर्यंत नेलेली.
"एवढी लांब कशाला?"
"आपण चौघं आहोत ना."

परतीच्या गाडीत दोंडाईच्यापर्यंत ती झोपली.
आमचं गाव दिसायच्या आधी वासानं कळतं.
मी रुमाल भिजवून तिच्या नाकावर दाबला.
रुमालाच्या आतून ती म्हणाली,
"आलं. आपलं आलं."
आणि माझा हात बाजूला सारून
खिडकीतून तोंड बाहेर काढून
तिनं छाती भरून श्वास घेतला.