घासतं कोण

खराडीत सातव्या मजल्यावर
रात्रपाळीला मी बर्लिन भरते.
जुन्या शहराचा मधला तुकडा. त्याला म्हणतात मिटे.
मिटे म्हणजे मध्य. माझं जर्मन इथेच संपतं.
उपग्रहाच्या फोटोवरून छपरं गिरवायची,
आतल्या चौकांना भोक पाडायचं,
नदीला निळा, ट्रामला तांबडा.
वर्षभरात एकदाही न जाता
त्या गल्ल्यांतून इतकी चालले
की ओरानियनबुर्गर रस्त्याला कुठून वळायचं
ते झोपेत सांगेन.
परवा कापडगंजात मात्र चुकले.

श्रावणात नवा थर आला. नुसते ठिपके.
फुटपाथमध्ये बसवलेले पितळी पत्रे,
दहा सेंटिमीटर बाय दहा.
प्रत्येकावर: इथे राहत होती. नाव. जन्मसाल.
नेल्याची तारीख. कुठे नेलं.
शेवटची ओळ बहुतेकींची सारखीच.
एका दारापुढे नऊ.
धाकट्याचं वय वजाबाकी करून काढलं,
मग पुढच्या चार दारांशी
वजाबाकी केली नाही.

सकाळी तांबट आळीत रिक्षा सोडली.
बाबा बंबाच्या पोटावर मठार काढत होते.
साठ वर्षांच्या ठोक्यांनी कान खाल्लेत त्यांचे,
सांगायचं म्हणजे ओरडून सांगायचं,
आळीभर ऐकू जाईल असं.

"पत्रा किती गेजचा?"
माहीत नाही.
"अक्षरं ओतीव की ठोकून?"
ठोकून. हाताने. एकेक.
त्यांनी मान हलवली, कामाला मानल्यासारखी.
"पूर आला होता का?"
नाही.
"मग?"

माणसं आली होती, मी ओरडले.

समोर वडक्यांची हातोडी थांबली,
किंवा ते नुसतं भांडं फिरवत असतील.

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग म्हणाले, "पितळ आहे. पावसात काळं पडणार.
घासतं कोण?"

शेजारी घासतात म्हणे. वर्षातून एकदा.
"चिंचेने?"
ते नाही लिहिलेलं.

पानशेत फुटलं तेव्हा बाबा सात वर्षांचे.
नदीकाठच्या पेठांतल्या चिखलातून भांडी निघत होती.
आजोबांनी दारात फळ्या टाकल्या,
भांडी ओळीने मांडली, काठावरची नावं रस्त्याकडे करून.
लोक यायचे, वाकायचे, वाचायचे.
कुणी घागर पोटाशी धरून गेलं.
कुणी नाव वाचलं, बोट फिरवलं,
आणि भांडं तिथेच ठेवून गेलं.
उरलेली दिवाळीनंतर मोडीत.
मोडीचा हिशेब सरळ असतो:
वजन, त्यातून डाग वजा, घट वजा.
नावाचं वजन धरत नाहीत.

एक तपेली आजोबांनी तराजूत घातली नाही.
"द्वारकीस, आत्याकडून."
भट्टीच्या वर, खुंटीला.
लहानपणापासून बघते आहे.
मला वाटायचं, द्वारकी आपल्यातलीच कुणी,
धुळ्याकडे दिलेली वगैरे.
आज विचारलं.
"कोण जाणे," बाबा म्हणाले, "आली नाही."
आणि खुंटीवरून काढून माझ्यापुढे ठेवली,
चिंचेचा गोळा, चिमूटभर मीठ.
द्वारकीतला द्वा घासून घासून
जवळपास गेलाच आहे.
मी तेवढा सोडून घासला.

रात्री पुन्हा सातवा मजला.
प्रत्येक ठिपक्याला एक चौकट असते:
जागा पडताळली, हो किंवा नाही.
नऊ वेळा हो.
माउसला आंबट वास.
रिझवान मागून म्हणाला,
आज तुझे ठिपके फार कमी झालेत,
बरं नाही का?